एक फॅन, दोन तिकिटं

व्हीलचेअरवरच्या पोराला मॅच बघायची हौस असली, तर ती हौस डबल रेटनं पडते. धाराशिवच्या एका घरातला हा हिशेब...

सोमवारचं लंच टेबल कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. कोणी लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकून आलेलं असतं, कोणी ट्रेक करून पाय धरून बसलेलं असतं, कोणी ‘फक्त झोप काढली यार’ म्हणत जांभया देत असतं. गेल्या सीझनमधल्या अशाच एका सोमवारी माझी पाळी आली, तेव्हा मी कॉलर ताठ करून सांगितलं, ‘मॅच बघून आले. स्टेडियममध्ये!’ रात्रीची टी-ट्वेंटी, हाऊसफुल्ल. सगळ्यांचे घास हातातच राहिले. तिकिटं मिळाली कशी? केवढ्याला? कोणाबरोबर?

‘पंधराशेचं एक. तीन काढली. मी, बाबा आणि धाकटा.’

‘वा, म्हणजे फुल फॅमिली आउटिंग!’

मी हो म्हटलं आणि डब्यातल्या भेंडीकडे वळले. पण ते अर्धंच खरं होतं. आत तिघं गेलो, पैसे तिघांचे गेले, मॅच मात्र दोघांनीच पाहिली. बाबांचं तोंड जवळजवळ पूर्ण वेळ मैदानाच्या उलट्या दिशेला होतं.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. त्याला एक छानसं नाव आहे, पण ते शाळेच्या दाखल्यावर आणि आधार कार्डावर. घरात, गल्लीत तो धाकटाच. वय सोळा, मुक्काम पोस्ट धाराशिव. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. हातपाय त्याचं ऐकत नाहीत आणि बोलणं संथ आहे. एक वाक्य पुरं व्हायला वेळ लागतो, पण तुम्ही थांबलात तर ते वाक्य ऐकण्यासारखं असतं. सर्टिफिकेटवर ८० टक्के लिहिलंय. ‘बोर्डात एवढे पडले असते तर बरं झालं असतं,’ हा त्याचा स्वतःचा जोक, मी चोरलेला नाही.

क्रिकेट त्याला आवडतंच, कोणाला आवडत नाही? पण त्याचं खरं वेड खो-खो. ज्याला पाऊल टाकता येत नाही त्याला पळापळीच्या खेळाचं वेड कसं, असं बाहेरच्यांना वाटतं. धाराशिवकरांना वाटत नाही. आमच्याकडे खो-खो हवेतच आहे. २०१६ च्या साउथ एशियन गेम्समध्ये सोनं जिंकणाऱ्या भारतीय टीमची कॅप्टन आणि २०२० ची अर्जुन पुरस्कारविजेती सारिका काळे आमच्या गावची. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, पुरुष आणि महिला अशा दोन्ही फायनल्समध्ये आपण नेपाळला हरवलं. त्या महिला टीममधली अश्विनी शिंदेही धाराशिवची. २०२२ च्या नोव्हेंबरात पंचावन्नावी राष्ट्रीय स्पर्धा आमच्या गावात झाली, तेव्हा गावाचं नाव अजून उस्मानाबाद होतं आणि धाकटा बारा वर्षांचा होता. त्या आठवड्यात घरात दुसरा विषय नव्हता. कोणती तुकडी किती वेळ टिकली, कोण खांबाजवळ चुकलं, सगळं त्याला तोंडपाठ. मला क्लायंटचं नाव आठवत नाही.

तर असा हा कट्टर फॅन. आणि त्यानं दहावीनंतर मागितलेलं एकच बक्षीस म्हणजे मोठ्या स्टेडियममधली एक मॅच. मोबाइल नको, घड्याळ नको. मॅच.

‘माणूस आत येणार म्हणजे तिकीट लागणार’

मी हुशार मुलगी. बुकिंगच्या आधी फोन केला. शहर कोणतं, मैदान कोणतं, आयोजक कोण ते सांगत नाही, कारण मुद्दा त्यांच्यापुरता नाही. पलीकडचा माणूस सभ्य होता. व्हीलचेअरसाठी खालच्या मजल्यावर जागा आहे, म्हणाला. शेजारी एक जण थांबू शकेल. दोघांचंही पूर्ण तिकीट. मी म्हटलं, अहो, तो शेजारचा जण मॅच बघायला येत नाहीये, त्याला सांभाळायला येतोय. त्यावर तो शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, माणूस आत येणार म्हणजे तिकीट लागणार.’

वाक्य एवढं सरळ आहे की फोनवर मला उत्तरच सुचलं नाही. ते सुचायला मला मॅच संपेपर्यंतचा वेळ लागला.

तिकीट म्हणजे आपण कशाचे पैसे देतो? खुर्चीचे आणि खेळ बघण्याचे, बरोबर? आता धाकटा स्वतःची खुर्ची घरून घेऊन येतो. तरी त्यानं खुर्चीचे पैसे भरले. चला, ठीक आहे, खेळ तर त्यानं पाहिला. बाबांना मिळाली एक प्लॅस्टिकची खुर्ची, तिच्यावर ते किती बसले असतील? मी वरच्या स्टँडमधून मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघत होते. व्हीलचेअरच्या जागेमागूनच लोकांची ये-जा. जाता-येता प्रत्येकाचा धक्का हँडलला. म्हणून बाबा खुर्चीमागे उभे, एक हात हँडलवर, नजर गर्दीवर. षटकार बसला की सगळे उड्या मारायचे, समोर एकदम भिंत उभी राहायची आणि बाबा पुढच्यांना ‘बसा हो, लेकराला दिसंना’ म्हणून विनवायचे. मधेच स्ट्रॉनं पाणी पाजायचं. मान घसरली की सरळ करायची. एकदा टॉयलेटला नेणं, त्यात चार ओव्हर्स गेल्या. आणि हे काम मी करू शकत नव्हते, सोळा वर्षांच्या भावाला घेऊन बहिणीनं कोणत्या दारातून आत जायचं? म्हणून बाबाच हवेत. ही चैन नाही.

गेटवर त्याचा सिपर काढून घेत होते, ते एक वेगळंच रामायण. बाटली अलाउड नाही. तो ग्लासनं पिऊ शकत नाही हे तीन जणांना तीनदा समजावलं. शेवटी एका लेडी कॉन्स्टेबलनं मधे पडून सोडलं. तिला माझा सलाम.

मॅच मस्त झाली, हां. शेवटच्या ओव्हरपर्यंत गेली. धाकटा घशातून असा काही ओरडत होता की शेजारची चार पोरं त्याच्यासोबत ओरडायला लागली. पैसे वसूल, त्याच्या तिकिटाचे. माझ्याही.

परतीच्या गाडीत बाबांनी खिशातली डायरी काढली. रोजचा खर्च लिहायची त्यांची जुनी सवय. ‘मॅच, तिकीट ३, रु. ४५००.’ डायरी मिटून मला म्हणाले, ‘पुढच्या बारीला माझं काढू नको बाई. गेटपाशी सोडतो, मी बाहेर थांबतो. मला काय कळायलंय त्यातलं.’ बाबा शाळेत असताना त्यांच्या टीमचे ओपनिंग बॉलर होते.

वरच्या दिव्याकडे बघत पडलेला धाकटा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याच्या पद्धतीनं, एकेक शब्द जोडत म्हणाला, ‘ताई... मी... दोन माणसांचा... खर्च आहे.’

रेल्वेला कळतं, एसटीला कळतं

गंमत बघा, हे वाक्य तो ज्या गाडीत बोलला, त्या गाडीत तो दोन माणसांचा खर्च नव्हताच! रेल्वेत त्याच्यासारख्या प्रवाशाला स्लीपर आणि थ्री-एसीला ७५ टक्के सवलत आहे, आणि सोबतच्या एका मदतनीसालाही तेवढीच. म्हणजे शंभर रुपयांच्या भाड्यात त्याचे पंचवीस, बाबांचे पंचवीस. दोघं मिळून पन्नास. कोविडमध्ये, मार्च २०२० ला रेल्वेनं ज्येष्ठ नागरिकांची सवलत बंद केली, ही मात्र ठेवली. आपली लाल एसटीही मागे नाही. दिव्यांगांना ७५ टक्के आणि अपंगत्व ६५ टक्क्यांच्या पुढे असेल तर सोबत्याला ५० टक्के. पंचवीस अधिक पन्नास, पंच्याहत्तर. इथंही दोघं मिळून एका धडधाकट माणसापेक्षा स्वस्त.

(यात आईचा एक किस्सा आहे. मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालं. त्यामुळे आई धाकट्याला घेऊन तुळजापूरला जाते, तेव्हा ती बाई म्हणून निम्मे भरते आणि मदतनीस म्हणून तिला वेगळं काहीच मिळत नाही. ‘एवढा उचलून चढवते त्याला, तर शेजारच्या काकूंएवढंच तिकीट,’ असं ती हसत सांगते. कंडक्टरलाही यावर काय बोलावं कळत नाही.)

मुद्दा सवलतीच्या टक्क्यांचा नाहीये. मुद्दा हा की या दोन्ही ठिकाणी कोणीतरी कधीतरी विचार केलाय की काही प्रवासी एकटे येऊच शकत नाहीत. रेल्वेच्या सवलतीच्या सर्टिफिकेटवर सरकारी डॉक्टरला तसं लिहून द्यावं लागतं, की ही व्यक्ती मदतनिसाशिवाय प्रवास करू शकत नाही. ते वाक्य छापील आहे. त्यावर सही आहे, शिक्का आहे. प्लॅटफॉर्मवर चालणारं हे वाक्य स्टेडियमच्या गेटवर का चालू नये?

कायदा काय म्हणतो, तर २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा ‘केअरगिव्हर’ची व्याख्या करतो. आईवडील, घरचे, पैसे घेऊन किंवा न घेता सांभाळणारे, सगळे त्यात आले. त्याच कायद्यातलं २९ वं कलम म्हणतं की सांस्कृतिक जीवन आणि करमणूक यात दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीनं भाग घेता यावा म्हणून सरकारनं आणि स्थानिक संस्थांनी पावलं उचलायची. ३० वं कलम खेळांचं. शिवाय गरजेनुसार वाजवी फेरबदल करायला नकार देणं हासुद्धा भेदभाव, असं कायदा स्पष्ट सांगतो. पण सोबत्याच्या तिकिटाबद्दल? एक ओळ नाही. त्यामुळे प्रत्येक आयोजकाची मर्जी आणि फोन उचलणाऱ्याचा मूड. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं राजीव रतुरी खटल्यात सांगितलं, की सुलभतेचे नियम नुसते शिफारसवजा ठेवून चालणार नाहीत, किमान काही बंधनकारक हवेत, आणि त्यासाठी केंद्राला तीन महिने दिले. रॅम्प, लिफ्ट, टॉयलेट यांची चर्चा त्यानिमित्तानं बरीच झाली. पण रॅम्पवरून खुर्ची ढकलायला कोणीतरी लागतो, आणि तोही तिकीट काढून आत आलेला असतो, हे कोण बोलणार?

बाहेरच्या देशात काय चालतं ते मी शोधून काढलं. इंग्लंडमधल्या मोठ्या फुटबॉल क्लबांत ज्या प्रेक्षकाला मदतनीस लागतो, त्याच्या मदतनिसाला साधारणपणे फुकट आत घेतात. प्रेक्षक स्वतःच्या तिकिटाचे पैसे भरतो, विषय संपला. २०२२ च्या कतार वर्ल्ड कपला फिफानंही सोबत्याचं तिकीट मोफत ठेवलं होतं. २०२६ च्या वर्ल्ड कपसाठी मात्र सोबत्याकडूनही पैसे घ्यायचं ठरलं, आणि चाहत्यांच्या संघटना चांगल्याच खवळल्या. म्हणजे तिकडेही सगळं आलबेल नाही. फरक इतकाच, की तिकडे मिळालेली गोष्ट काढून घेतली म्हणून ओरडा होतो. आपल्याकडे ती मागायची असते हेच अजून कोणाला माहीत नाही.

लंच टेबलवरचं कोर्ट

हे सगळं मी पुढच्या सोमवारी टेबलवर मांडलं. आमच्या टीममध्ये वकील कोणी नाही, पण उलटतपासणी सगळ्यांना जमते.

पहिला प्रश्न टेस्टिंगवाल्याचा, स्वभावाला धरून. ‘फ्रॉड होईल ना. उद्या प्रत्येक जण आजीला व्हीलचेअरवर बसवून आणेल आणि स्वतः फुकट घुसेल.’ होईल की. बोगस सर्टिफिकेटांच्या बातम्या आपण वाचतोच. पण म्हणून रेल्वेनं सवलत बंद केली का? आता तर यूडीआयडी कार्ड आहे, टक्के आणि प्रकार त्यावरच लिहिलेला असतो. आणि स्टेडियममध्ये व्हीलचेअरच्या जागा असतात किती? तीस-चाळीस हजारांच्या गर्दीत तेवढी कार्डं तपासायला किती वेळ लागतो?

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. नुकतीच आई झालेली माझी सीनिअर म्हणाली, ‘अगं, माझ्या मुलीलाही एकटीला पाठवता येत नाही. मी तिच्यासोबत सिनेमाला जाते तेव्हा माझं तिकीट काढतेच ना? कार्टून बघायची हौस मला थोडीच आहे?’ मी दोन मिनिटं गप्प. खरं आहे. लहान मुलाच्या आईबापालाही नको असलेली तिकिटं काढावी लागतात. पण तिची मुलगी दहा-बारा वर्षांनी मैत्रिणींसोबत जाईल आणि आईला म्हणेल, तू नको येऊस. धाकटा चाळिशीचा होईल, स्वतः कमवत असेल (आणि तो कमवेल, त्याच्या डोक्यावर माझा विश्वास आहे), तेव्हाही त्याला तिकिटं दोनच लागतील. कोण सोबत येईल ते बदलेल. आकडा बदलणार नाही.

तिसरा प्रश्न अकाउंट्सच्या मित्राचा. धंदा कसा परवडायचा? त्यालाच मी टॅक्सचं विचारलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलच्या तिकिटावर २८ च्या जागी ४० टक्के जीएसटी आहे. हजाराचं तिकीट चौदाशेला. इतर मान्यताप्राप्त सामन्यांना पाचशेपर्यंत कर नाही, त्यापुढे १८ टक्के. हा कर सरकारनं लावलाय मौजमजेवर, लक्झरीवर. मग खुर्ची धरून उभ्या असलेल्या बापाच्या तिकिटावर तो कसल्या लक्झरीचा? मित्र म्हणाला, ‘पॉइंट आहे.’ अकाउंट्सवाला एवढं म्हणाला म्हणजे खूप झालं. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा व्हीलचेअरवरही ५ टक्के लागला होता, हे मी त्याला सांगितलं नाही. जेवण बिघडलं असतं.

आता माझं म्हणणं नीट सांगते, कारण इथं लोक हमखास गडबड करतात. मला धाकट्याचं तिकीट फुकट नकोय. त्यालाही नकोय. मी त्याला विचारलंय, आणि तो चिडलाच. फुकट आलेला पाहुणा त्याला व्हायचं नाहीये. त्याचे पूर्ण पैसे घ्या, चौदाशे तर चौदाशे. त्याला चीअर करायचंय, टीम हरली तर शिव्या घालायच्यात, आणि शिव्या घालायचा हक्क पैसे भरूनच मिळतो असं त्याचं ठाम मत आहे. फक्त एका माणसाकडून एका माणसाचे घ्या. मी सोबत गेले तर माझं वेगळं काढीन, मी खरंच मॅच बघायला जाते. पण बाबांचे दोन हात हा त्याच्या खुर्चीचाच भाग आहे. चाकांचं वेगळं तिकीट लावत नाही ना कोणी?

आमच्या घराचं एक वेळ ठीक आहे. माझा पगार आहे, पंधराशे जास्तीचे गेले तर महिना कोसळत नाही. पण राज्यात संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांगांना महिन्याला १५०० रुपये मिळायचे, २०२५ मध्ये ते २५०० केले गेले. ज्या घरात ते अडीच हजार मोजून येतात, तिथल्या सोळा वर्षांच्या पोराला मॅच बघावीशी वाटत नसेल? त्याची आई एक तिकीट कसंबसं काढेलही. दुसरं कुठून काढणार?

फुकट एंट्री म्हणजे सगळं झालं, असंही नाही म्हणा. २०२३ च्या नोव्हेंबरात आमच्याकडे तुळजाभवानी स्टेडियमवर महाराष्ट्र केसरी झाली. शिवराज राक्षेनं हर्षवर्धन सदगीरला हरवलं तो डाव धाकट्यानं घरातल्या टीव्हीवर पाहिला. स्टेडियम घरापासून जवळच, पण त्या गर्दीत खुर्ची घालायची आमची छाती झाली नाही.

मागच्या महिन्यात गावी गेले होते, तर शनिवारी संध्याकाळी मुलींच्या खो-खोचे सामने होते. गावातलेच, शाळा-क्लबांचे. तिकीट-बिकीट काही नाही. मैदान सपाट. बाबांनी खुर्ची थेट दोरीपाशी नेली, ब्रेक लावला. तिथं सतरंजीवर बसलेल्या दोन बायका सरकल्या, एकीनं धाकट्याच्या हातात मूठभर शेंगदाणे ठेवले आणि मग त्याला ते खाता येत नाहीत हे लक्षात आल्यावर स्वतःच सोलून एकेक भरवायला लागली, खेळावरची नजर न काढता. मागून धक्का देणारं कोणी नव्हतं. समोर भिंत होत नव्हती, कारण सगळेच जमिनीवर बसलेले. बाबा पाचेक मिनिटं सवयीनं हँडल धरून उभे राहिले. मग त्यांनी हात सोडला. मग बसले.

मला सुट्टी नव्हती, मध्येच निघून रात्रीची बस पकडली. दहाच्या सुमाराला बाबांचा फोन आला. हॅलो नाही, पोचलीस का नाही. ‘अगं तू गेलीस आन् मॅच फिरली! शेवटच्या तुकडीतली ती बारकी पोरगी, कसली पळायली होती म्हणून सांगू, दोनदा खांबापासनं उलटी वळली, हातच लागू दिला नाही...’ मागून धाकट्याचा आवाज येत होता, ‘बाबा... मला... सांगू द्या...’ पण बाबा थांबायला तयार नव्हते.